रिकाम्या मशीनचा गृहपाठ

सोमवार, ३ मार्च

लेक आज सकाळच्या गाडीने परत गेली. जाताना तीन गोष्टी बजावून गेली: जिना एकटीने उतरायचा नाही, वॉकर सोडायचा नाही, आणि कॉम्प्युटरवर तिने जे बसवलंय त्याच्याशी खेळायचं नाही. पहिल्या दोन माझ्या नव्या गुडघ्यासाठी. तिसरी मैनेसाठी, असं मी धरून चालले आहे.

कॉम्प्युटर ह्यांचा. हे गेल्यापासून तीन वर्षं मी तो फक्त चार वाजता धाकट्या बहिणीशी, मैनेशी बोलायला लावते. बाकी दिवसभर त्यावर पांढरं कापड. लेकीने ते कापड काढलं आणि म्हणाली, "आई, एवढं मशीन नुसतं बसून असतं. रिकामं असेल तेव्हा संशोधनाला वापरू देऊ." कुठल्याशा विद्यापीठातून एका मोठ्या गणिताचा तुकडा येतो. आपलं मशीन तो सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. शरीरातल्या प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, त्याचं हे गणित. घडी चुकीची पडली की त्यातून आजार उद्भवतात. लाखो घरांतून असं चाललंय म्हणे. "तू काहीही करायचं नाहीस," ती म्हणाली. "तू काही केलं नाहीस तरी चालतं."

घडी म्हटल्यावर मला कॉन्व्हेंटातल्या शिवणाच्या सिस्टर आठवल्या. रुमालाच्या कोपऱ्यावर कोपरा तंतोतंत बसला नाही, तर दोन बोटांनी तो उलगडून टाकायच्या आणि एवढंच म्हणायच्या: "पुन्हा." मी पहिल्या खेपेला बसवायचे. मैना पाचव्या खेपेलाही नाही. पण त्यांचं ते "पुन्हा" घरी येऊन ती त्यांच्या आवाजात असं काढायची, की बाबा पेपर खाली ठेवून दाराकडे बघायचे.

आजारांच्या यादीत मैनेच्या आजाराचं नाव आहे. मी स्वतः वाचलं.

बुधवार, ५ मार्च

मैनेच्या नसा स्नायूंना हुकूम देईनाशा झाल्या आहेत. आधी हात गेले. आता घसा. आवाज काही महिने टिकेल, मग श्वासासाठी गळ्यात नळी बसवावी लागेल, आणि नळी बसली की आवाज नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. मी "काही महिने" हे शब्द धरून बसले आहे. काही महिन्यांत काय काय होऊ शकतं.

ती राहते तिथे जायला बारा तास लागतात. मला सहा आठवडे प्रवास बंद. माझा फोन बटणांचा, आणि मैनेचं बोलणं आता ओठ पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा मोठा पडदा. मैनेचे यजमान भूगोल शिकवायचे, त्यांना आम्ही सगळे मास्तरच म्हणतो. ते तिला चारच्या सुमाराला उशीवर उंच बसवतात. तेव्हा तिचा श्वास सगळ्यात चांगला चालतो.

मैनेने एक टूम काढली आहे. आमच्या लहानपणच्या अकरा माणसांचे आवाज, रोज एक. मास्तरांकडून यादी लिहून घेतली आहे. आज शाळेच्या फाटकावरचा रखवालदार झाला. "ए लांब वेणी, घंटा तुझ्या बापाची नाही, झालीय ती!" मी इतकी हसले की गुडघ्याचे टाके आठवले.

"आई कधी?" मी विचारलं.

"शेवटी," ती म्हणाली. "आधी... बाबा. आई शेवटी."

आईचे फोटो नऊ आहेत. आवाज कुठेही भरून ठेवलेला नाही. तो फक्त मैनेच्या घशात आहे. मी किती प्रयत्न केला तरी मला आईचे शब्द आठवतात, आवाज आठवत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला तुकडा आला आहे. झालं: नऊ टक्के. मुदत: २० मार्च, संध्याकाळी पाच.

इंग्रजी सिस्टरांनी माझ्याकडून घोटून घेतलं आहे, तेव्हा समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. मुदत म्हणजे मुदत. मुख्याध्यापिका मदर वह्या गोळा करून कपाटाला कुलूप लावायच्या आणि किल्ली खिशात टाकायच्या. वेळेवर न दिलेलं काम त्यांच्या लेखी न केलेलंच होतं. अकरा वर्षांत माझी एकही वही कपाटाबाहेर राहिली नाही.

आज एक गोष्ट लक्षात आली. मैनेशी बोलायला लागले की पडद्याच्या कोपऱ्यातली, काम चालू असल्याची हिरवी खूण पिवळी होते. शेजारी लिहून येतं: थांबलं, मशीन वापरात आहे. बोलणं संपल्यावर पुन्हा सुरू होतं, पण जिथे थांबलं तिथून नाही, मागून. बोलायच्या आधी अकरा टक्के होतं, नंतर नऊ. जुनं मशीन आहे, दमत असेल.

ह्यांची शिस्त होती, झोपायच्या आधी सगळे प्लग काढायचे. ती मी मोडणार नाही. म्हणजे उरतो फक्त दिवस. मी वहीत रकाने आखले. रोज तासभर बोलले तर वीस तारखेपर्यंत काम पुरं होत नाही. रोज बोलले नाही, तर जेमतेम होतं.

रकाने दोनदा तपासले.

रविवार, ९ मार्च

मैनेला सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल.

"म्हणजे आपण बोललो... की ते थांबतं?"

"हो ना. ते रिकामं असलं तरच काम करतं."

"तुझ्यापेक्षा बरंय मग. तू रिकामी असलीस की... माझं डोकं खातेस."

"चेष्टा नको गं. तुझ्याच आजाराचं गणित आहे ते. अकरा दिवसांचा प्रश्न आहे. फक्त रविवारी बोलू. वीसनंतर रोज दोन तास बोल हवं तर."

तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर माणूस नक्की कुठे पाहतो ते कळत नाही.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"मग कोणासाठी?"

"बरं," ती म्हणाली. "अभ्यास कर."

आज तिने शाळेतली स्वयंपाकीणबाई काढली, झारा आपटण्यासकट. झारा मास्तरांनी आपटला.

मंगळवार, ११ मार्च

टेबल पुसताना माऊसला धक्का लागला आणि खूण पिवळी झाली. आता टेबल पुसत नाही. ह्यांच्या खोलीचं दार ओढून घेते आणि वॉकर उचलून ठेवत चालते, घासत नाही. परीक्षेच्या दिवसांत आई आमच्या खोलीबाहेरून अशीच चालायची.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, कोणी झोपलंय का आत?"

"काम चाललंय."

"कोणाचं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "वा! म्हणजे मशीन घाम गाळतंय आणि तुम्ही गुडघा वाकवायला कुरकुरताय. चला, आणखी दहा."

चार वाजता आतून घंटी वाजली. मैना विसरली असणार. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. अकरा वेळा वाजली. उचलली असती तर दोन टक्के गेले असते. थांबल्यावर आत जाऊन पाहिलं. खूण हिरवीच होती. पस्तीस टक्के.

मला हायसं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

चारला पुन्हा वाजली. सहा वेळा.

शनिवार, १५ मार्च

काल आणि आज वाजली नाही.

मास्तरांचा माझ्या फोनवर फोन आला. माणूस मुळात कमी बोलणारा. हवेबद्दल बोलले, माझ्या गुडघ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "ताई, रोज नाही का जमणार? दहा मिनिटं?"

"मास्तर, दहा मिनिटं काय आणि तास काय, थांबलं की ते मागेच जातं. उद्या रविवार आहेच की."

"हो. उद्या रविवार आहे."

"ती बरी आहे ना?"

ते लगेच बोलले नाहीत. बहुतेक लाइन खराब होती. "तिने सांगितलंय, ताईला अभ्यास करू दे," ते म्हणाले.

बघा, तिला कळतं. लहानपणीही मी वही उघडून बसले की ती आपणहून अंगणात जायची.

रविवार, १६ मार्च

तीन वाजल्यापासून पडद्यासमोर केस नीट करून बसले होते. चार दहाला मैना आली. तिची झोप झाली नसावी. मान एका बाजूला होती, मास्तरांनी हाताने धरली होती.

"आज... सिस्टर," ती म्हणाली. बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग तो शब्द आला.

"पुन्हा."

सुरुवात सिस्टरांची होती. शेवट नुसता वारा. मी टाळ्या वाजवल्या.

"किती... झालं?"

"बहात्तर टक्के!"

"पास."

मी तिला रकाने दाखवले, वही पडद्याजवळ धरून. तिने पाहिले. मग म्हणाली, "बाबा... करू?"

वीस मिनिटं होऊन गेली होती. खूण पिवळी होती. मी म्हटलं, "बाबा पुढच्या रविवारी. आज तू दमलीस."

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

बंद केल्यावर सत्तर टक्के दिसले. दोनच गेले.

  

मंगळवार, १८ मार्च

अकरा वाजता वीज गेली. पंचवीस मिनिटं मी काळ्या पडद्यासमोर बसून होते. आली तेव्हा त्र्याऐंशीचे एक्क्याऐंशी. अजून होईल. कोणी मध्ये आलं नाही तर होईल.

लेकीचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिने विचारलं, "काय झालं?" सांगितल्यावर म्हणाली, "आई, राहिलं तर राहू दे ना. त्यात काय एवढं?"

"राहू दे? तुझ्या मावशीचा प्रश्न आहे, आणि तू राहू दे म्हणतेस?"

"अगं, ते तसं नसतं. तो एक तुकडा..."

"मला समजतं गं इंग्रजी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तिच्यावर कधी असा फोन ठेवला नव्हता. दुपारभर गुडघा ठणकत होता. मला खरं तर कशाचा राग आला होता? ती काय सांगणार होती ते मला ऐकायचं नव्हतं, एवढं नक्की.

गुरुवार, २० मार्च

झालं ते तसंच्या तसं लिहिते.

साडेतीनला नव्याण्णव टक्के झाले होते. मुदत पाचची. मी पाण्याचा पेला घेऊन समोरच बसले होते. हात मांडीवर, कशाला लागू नयेत म्हणून. आणखी तासभर, फार तर सव्वा तास. 

फोन वाजला. मास्तर.

"ताई, मी तिला दिलेला शब्द मोडतोय," ते म्हणाले. "उद्या सकाळी नळी बसवणार आहेत."

"उद्या? पण काही महिने म्हणाले होते."

"काही आठवड्यांपूर्वी म्हणाले होते. दहा तारखेला तपासलं तेव्हा आठवडा-दीड आठवडा म्हणाले. तुम्हाला सांगू देत नव्हती."

दहा तारीख. अकराला घंटी वाजली होती, अकरा वेळा. ती विसरली नव्हती.

आणि मी काय बोलले? तेही लिहायलाच हवं. मी म्हणाले, "मास्तर, पाच वाजता करते. फक्त एक तास राहिलाय कामाचा. पाचच्या ठोक्याला करते."

 लाइन खराब नव्हती. मागे त्यांचं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"ताई," ते म्हणाले, "पाचपर्यंत तिचा श्वास पुरत नाही. तिला आत्ता बसवलंय मी." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पडद्याकडे पाहत राहिले. हिरवी खूण. नव्याण्णव. माझा हात माऊसवर होता आणि मी तो हलवत नव्हते. तिच्यासाठीच आहे हे, मी मनाशी म्हणत होते. तिच्यासाठीच आहे. अकरा दिवस तिला अंगणात पाठवलं ते यासाठीच. आता एक तास राहिला असताना हात लावला, तर ते अकरा दिवस कशासाठी?

  घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. इतका वेळ मी नुसती बसून होते.

मग हात हलला. खूण पिवळी झाली.

मैना आली. नाकातोंडावर श्वासाचा मुखवटा होता. मास्तर तो काढत, ती दोन शब्द बोले, ते परत लावत. मला पाहून तिच्या भुवया वर गेल्या.

"अभ्यास?"

"झाला," मी खोटं बोलले.

"किती?"

"शंभर."

ती ओळखते. साठ वर्षं ओळखते. डोळ्यांनी हसली. मी म्हटलं, "बाबा काढ. रविवारी राहिलेले."

तिने मुखवट्यावरच्या डोळ्यांनीच सांगितलं, नाही. बाबांचा आवाज छातीतून यायचा. तेवढी छाती आता तिच्याकडे नाही. रविवारी होती.

मला रडू आलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आलं. मी म्हटलं, "मैने, मला वाटलं..." आणि पुढे बोलता येईना. तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मुखवटा काढला. तिने डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला वाटलं झोपली. मग ओठ हलले. आणि माझ्या खोलीत, ह्यांच्या टेबलासमोर, आई बोलली.

"थोरले. पुरे झाला अभ्यास. ऊठ."

अगदी हळू. पण तीच. "थोरले"तला तो पहिला स्वर लांबवणारी, मग एकदम तोडणारी. राग आहे की माया ते कधीच न कळू देणारी. वीस वर्षांनी.

मुखवटा लागला. मास्तरांनी पाठ वळवली. मी "हो" म्हणाले. "हो आई," म्हणाले.

त्यानंतर तिला बोलू दिलं नाही. मीच बोलले. रखवालदार, रुमाल, झारा, तिची पाचवी घडी. ती ऐकत होती. कधी थांबले ते आठवत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पाच वाजून गेलेले दिसले तेव्हा मी कुठल्याशा वाक्याच्या मध्यावर होते. ते वाक्य पुरं केलं.

शुक्रवार, २१ मार्च

साडेदहाला मास्तरांचा फोन. नळी बसली. श्वास नीट आहे.

दुपारी कॉम्प्युटर लावला. माझ्या तुकड्यापुढे लाल अक्षरांत: मुदत संपली. त्याच्याखाली तोच क्रमांक, काल पाच वाजून चार मिनिटांनी दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनला दिलेला. त्यापुढे: पूर्ण. लागलेला वेळ, एक तास त्रेपन्न मिनिटं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कोणाचं मशीन ते लिहिलेलं नव्हतं.

लेकीला फोन केला. "हेच सांगणार होतीस ना?"

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, मावशीशी बोलणं झालं ना?"

"झालं."

अकरातले सात आवाज ऐकले. चार राहिले. बाबा राहिले.

शुक्रवार, २८ मार्च

मशीनवर नवा तुकडा आला आहे. त्याची मुदत मी पाहिलेली नाही. रोज चारला खूण पिवळी होते.

मैना आता घरी आहे. मास्तर तिच्यासमोर अक्षरांचा तक्ता धरतात. ती डोळे फिरवते, ते बोट फिरवतात. बरोबर अक्षर आलं की ती डोळे मिटते. भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट फिरवायचे, तसेच ते दिसतात.

आज मी ठरवून बसले होते. मला कधी कोणाचा आवाज काढता आलेला नाही. शाळेच्या गाण्यातही मला फक्त ओठ हलवायला सांगायचे. पण मी छाती भरून घेतली आणि बाबा काढले. पेपर खाली ठेवून दाराकडे बघतात ते: "कोण आलंय गं? सिस्टर आल्यात का?"

मैनेचे डोळे बारीक झाले. खांदे हलत नाहीत, पण ती हसते ते मला कळतं. मग ती तक्त्याकडे पाहू लागली. मास्तरांचं बोट सावकाश फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं, थांबलं. त्यांनी जोडून वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ती म्हणते, पुन्हा."

मी पुन्हा काढला.